ओनरशिपचा रकाना

पवईच्या आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअरच्या जागांसाठी मुलाखती घ्यायचं काम बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे. उमेदवाराला कोडिंग येतं की नाही हे अर्ध्या तासात कळतं. मग फॉर्म भरायचा. त्यातला सगळ्यात वजनदार रकाना म्हणजे 'ओनरशिप'. माणसानं स्वतः काय केलं, याला पाचपैकी गुण द्यायचे. तीनच्या खाली गेला की विषय संपला.

त्या शुक्रवारी आलेली मुलगी घाटकोपरची. तिची छोटी कंपनी बंद पडत होती, त्यामुळे नोकरीची खरीच निकड होती. कोडिंग उत्तम. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं त्यांचं अ‍ॅप मध्येच बंद पडलं होतं, तेव्हा चूक कुणी शोधली, असं विचारलं. म्हणाली, "आम्ही." दुरुस्त कुणी केली? "आम्ही." बोलत होती इंग्रजीत, पण ते 'वी' अस्सल मराठी घरातलं होतं. सारखं मी-मी काय करतेस, म्हणून मीही लहानपणी आईची बोलणी खाल्ली आहेत.

माझ्यासोबत मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी दोन गुण लिहिले. तेवढ्यात त्यांना फोन आला आणि ते बाहेर गेले. उमेदवाराला उत्तर सुचवायचं नाही, हा नियम मी मोडला.

"अगं, 'मी' म्हण ना. लाजतेस कसली?"

"लाजत नाही मॅडम. खरंच दोघींनी केलं. चूक मला सापडली, दुरुस्ती मैत्रिणीनं केली. 'मी' म्हटलं तर खोटं होईल ना?"

मी तिच्या नम्रतेवर उपाय सांगायला गेले होते आणि ती मला साधी माहिती देत होती. साहेब परत आले. मी प्रश्न पुन्हा विचारला, उत्तर पुन्हा "आम्ही". दोन गुण कायम राहिले. मी थोडी हुज्जत घातली आणि सही केली.

मंगळवारी त्याच कंपनीतली दुसरी मुलगी आली. अ‍ॅप तेच, गोष्ट तीच. "चूक मी शोधली. दुरुस्त मी केली." साहेबांनी पाच दिले. मी तोंड उघडलं असतं तर शुक्रवारचं माझं प्रकरण बाहेर आलं असतं, म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

ती रुजू झाल्यावर एकदा कॅन्टीनमध्ये चहा घेताना मी विचारलंच, "सगळं तू एकटीनं केलं होतंस का गं?"

तिनं मान खाली घातली. "नाही मॅडम. माझी मैत्रीण आधी येऊन गेली होती ना, तिनंच घरी गेल्यावर मला फोन करून सांगितलं. म्हणाली, माझं काही होत नाही तिथे, पण तू जा. आणि 'आम्ही' म्हणू नकोस, सगळीकडे 'मी' म्हण."