काकूचा लाल तारा

आमची धाकटी काकू आजूबाजूच्या दोन गोष्टींशी ताडल्याशिवाय कशाचाही निकाल देत नसे. भाजी किती तिखट झाली असं विचारलं, तर म्हणायची, "कालच्या वांग्याहून जास्त, परवाच्या पिठल्याहून कमी." नागपूरला इंटर सायन्सपर्यंत शिकून ती कळंबला आमच्या घरी सून म्हणून आली, ती एका ताऱ्याचं वेड घेऊनच.

तो तारा लाल, म्हातारा आणि अवाढव्य. सूर्याच्या जागी ठेवला तर आपली पृथ्वी त्याच्या पोटात जाईल, असं ती सांगे. साधारण अकरा महिन्यांत तो एकदा फुगतो आणि आकसतो. फुगला की थंड पडतो, आकसला की तापून उजळतो, आणि पुरता मंदावला की नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. तो किती उतरला, हे ती जवळच्या दोन ताऱ्यांशी ताडून ठरवी.

"आणि आमचे काका?" मी एकदा खोडसाळपणे विचारलं.

"रागात तुझ्या आजीहून कमी, भित्रेपणात तुझ्याहून जास्त," ती हसून म्हणाली. तेव्हा मीही हसले.

तिचं हे सगळं मन लावून ऐकायचे ते एकटे आबाजी, माझे आजोबा. "पोरी, येवढी शिकून कायले चूल फुकून राह्यली? उन्हाळा सरला का कन्याशाळेत शिकवाले जाय. म्या सांगतो साऱ्याइले." त्या शब्दावर काकू दिवस काढत होती. त्या हिवाळ्यात तिने सगळ्यांना अंगणात बोलावून तारा दाखवला आणि सांगितलं, माघात हा दिसेनासा होईल. झालाही. त्याच आठवड्यात आबाजी गेले.

"तुह्या तोंडानं तारा गेला न माहा माणूसबी गेला!" आजीने सगळ्यांदेखत तिला ऐकवलं. शाळेचं नाव मग कोणी काढलं नाही. काकू मला एवढंच म्हणाली, "दिवाळीला तो परत दिसेल. मग कळेल त्यांना." इतकी शिकलेली बाई, आणि इतकी भाबडी!

आबाजींनंतरची पहिली दिवाळी, म्हणून आमच्याकडे गोडधोड नव्हतं, पणत्याही नव्हत्या. त्या काळोख्या अंगणातून तारा स्पष्ट दिसला. काकू आजीला हात धरून बाहेर घेऊन आली. "सासूबाई, बघा, आला. तो जातो आणि येतो. माझ्या बोलण्याने काही होत नाही."

आजीने बराच वेळ वर पाहिलं. "तारा आला वं बाई. माहा माणूस कुठी हाय?"

काका शेजारीच उभे होते, चपलेने माती उकरत. आजीचा मला राग येत नाही, तिचं माणूस गेलं होतं. काकांचा येतो. अजून येतो.

भाऊबीजेला काकूचा भाऊ आला. चार दिवस माहेरी राहून ये, असं म्हणून तिला त्याच्याबरोबर पाठवलं.

तो तारा अजूनही दर अकरा महिन्यांनी उजळतो. त्याला आणायला कोणाला जावं लागत नाही. काकूला आणायला जावं लागलं असतं. आमच्या घरातून कोणी गेलं नाही.