सोनारबाबांचा मुका रुपया

सोनारबाबांच्या हातात रुपया ठेवला, की ते आधी तो ओट्याच्या दगडावर आपटत. देणारा ओळखीचा असो, देवळातला पुजारी असो, दगड कुणालाच चुकला नाही. कान तिरपा करून ऐकत आणि मगच ठेवून घेत. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत नवा रुपया आला आणि तो काही पूर्वीसारखा खणखणेना. "हाऊ रुपया मुका शे," असं म्हणून ते आमच्याकडे असे रागाने बघत, जणू तो आमच्याच घरी पाडला होता.

खापरच्या बाजारपेठेत माझ्या थोरल्या काकांचं दुकान होतं. त्याच्याच ओट्यावर सोनारबाबा शेगडी आणि फुंकणी घेऊन बसत. मूळचे प्रकाशा गावचे, पण डोंगरातल्या बायकांचे चांदीचे दागिने घडवता घडवता खापरचेच झालेले.

त्यांच्या पाठीमागे भिंतीला एक फळी होती. लढाईतलं प्रत्येक नवं नाणं ते तिच्यावर खिळ्याने ठोकत. काडतुसांना तांबं हवं म्हणून पैशाच्या पोटाला भोक पडलं, तेव्हा बाबा म्हणाले, "खिळा ठोकानी सोय करी दिधी सरकारनी!" निकेलही लढाईला लागलं, तसा पांढरा आणा पिवळा पितळी झाला. तोही फळीवर गेला. रुपयातली चांदी मात्र जवळजवळ अर्धी काढली आणि वर राजाचं तोंड तेच ठेवलं, तिथे त्यांची थट्टा चालत नसे. "लढाई साहेबनी, नि चांदी आम्हनी?" दुधात अर्धं पाणी घालणाऱ्या गवळ्याला आपण दारात उभं करत नाही. इथे पाणी घालणारंच सरकार. मला अजूनही त्याचा संताप येतो.

पुढे जुने चांदीचे रुपये बंद होणार, खजिन्यात भरून टाका, अशी दवंडी आली. तिचा फायदा ज्यांना घ्यायचा त्यांनी घेतला, आणि त्यात आमचे काका पहिले.

दाजलीबाई वरच्या पाड्यावरची. तिच्या गळ्यात जुन्या रुपयांची माळ होती. प्रत्येक रुपयाला बाबांनीच कडी डाखलेली, म्हणजे झाळून जोडलेली. ही माळ लेकीच्या लग्नात लेकीच्या गळ्यात पडायची होती. लग्न तोंडावर आलेलं. एका बाजाराच्या दिवशी ती ओट्यावर आली आणि पदरातून तीन नवे रुपये काढून म्हणाली, "बाबा, यास्ले कडी लाई दे."

बाबांनी ते दगडावर आपटले. तिन्ही मुके.

"जुना कोठे गयात?"

"शेटले दिधात. शेट म्हने, बंद रुपयानी माळवर पोरनं लगीन टिकाव नही. बाकीना पुढना बाजारले बदली दिसू."

बाबा उठून दुकानात गेले. काकांसमोर आवाज चढवताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. "शेटजी, माळ कधी बंद व्हस का? गळामा घालाले सरकारनी परवानगी लागस का?"

"रुपयाले रुपया दिधा," काका शांतपणे म्हणाले. "फसाडं कोनले?"

नव्याच्या दुप्पट चांदी जुन्यात होती आणि ती कधीच वितळवून झाली होती. म्हणजे कायद्याने कुणीच फसवलं नव्हतं. या शांतपणाची मला आजही किळस येते.

परत येऊन बाबांनी तिची माळ तपासली. मधोमध तीन जागा रिकाम्या होत्या. ती म्हणाली, नवे तर नवे, बसवून दे, लग्नात माळ उघडी दिसेल. बाबांनी मान हलवली. "ती जागा तशीच ऱ्हाऊ दे. मन्हा हातनी मुका रुपया तठे बसाव नही."

पुढच्या बाजाराला ते ओट्यावर उभे राहून ओरडू लागले, "जुना रुपया लया! कडी लाई देस, मजुरी नही!" बायकांनी कणगीत पुरलेले सुटे रुपये आणले. कडी डाखली की रुपया दागिना होतो, आणि दागिना व्यापाऱ्याला काट्यावर घालूनच घ्यावा लागतो. पेठेची रीतच ती. काकांच्या 'रुपयाला रुपया'चा धंदा तिथेच बसला. काका भांडले नाहीत. फक्त बाबांना ओटा खाली करायला सांगितलं.

म्हाताऱ्या माणसाने त्याच संध्याकाळी शेगडी विझवली आणि प्रकाशाची वाट धरली. फळी तेवढी भिंतीवर राहिली, ती काकांनी चुलीत घातली. दोन वर्षांनी बाबा गेल्याचं कळलं.

मी लग्न होऊन दूर गेले. बऱ्याच वर्षांनी खापरच्या बाजारात एका बाईच्या गळ्यात ती माळ दिसली. मधोमध तीन जागा मोकळ्याच. दाजलीबाईची लेक! मी न राहवून विचारलं, "आता चांदी मिळते की. ही जागा भरत का नाहीस?"

"भरी टाकी तं लोके भूली जातीन," ती म्हणाली. मग माझ्याकडे निरखून बघत तिने विचारलं, "तुम्ही कोन्या घरन्या?"

मी काकांचं नाव सांगितलं. मला नीट दिसावी म्हणून त्या मोकळ्या जागेखाली हात धरून तिने माळ माझ्यापुढे उचलली.