गुरुलिंगआप्पांचे तीनशे बेचाळीस मोर

आमच्या हिवरवाडीत दसरा होऊन पंधरा दिवस झाले की किराणा दुकानात काही राम राहत न्हाई. गाव बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला जातं आन मागं उरतात म्हातारी माणसं, कुत्री आन गुरुलिंगआप्पा. म्हातारी माणसं तंबाकूच्या पुढं काही घेत न्हाईत, आन कुत्री तेवढंबी न्हाई. आप्पा दिवसभर गल्ल्यावर बसून माशा हाकायचे आन संध्याकाळी बायकोला, म्हंजे गंगासागरकाकूंना, सांगायचे की आज लई दमलो.

पंच्याण्णव सालच्या हिवाळ्यात पुण्याची एक संस्था जीप घेऊन मोर वाचवायला आली. पाटोद्याच्या अंगाच्या डोंगरात उमरझरा म्हणून आमचा झरा हाय, खाली दगडी कुंड. चैतापासून पुढं गावातल्या विहिरी आटल्या की जनावरांना तेवढंच पाणी. त्या झऱ्याच्या वर त्यांनी चार तंबू ठोकले. मोर कुणापासून वाचवायचे, हे कुणी इचारलं न्हाई. इचारायला गावात माणूसच नव्हता.

आप्पा गेलते तिथं चहापत्ती आन मेणबत्त्या खपवायला. माघारी आले ते डोक्यावर खाकी टोपी घालून. संस्थेला गावातला एक स्वयंसेवक पाहिजे होता, आन साहेबांनी, म्हंजे त्या कॅम्पच्या दाढीवाल्या म्होरक्यानं, आप्पांचा खांदा थोपटून 'तुम्ही या मातीचे जाणकार' असं म्हणलं होतं. आप्पांच्या पन्नास वर्षांच्या आयुष्यात त्यांचा खांदा कुणी थोपटला नव्हता. आले ते सगळे उधारी मागायलाच. त्यांनी काकूंना सांगितलं, दुकान तू बघ, मी सृष्टीच्या कामाला चाललो.

"सृष्टीत संडासाची काय सोय हाय?" काकूंनी इचारलं.

सोय अशी होती की हातात खुरपं द्यायचे आन दिशा दाखवायचे. बाकी गावाला ह्यात काही नवं नव्हतं. पण हिवरवाडीत पक्का संडास एकट्या आप्पांचाच. त्या नव्वद किलोच्या देहाला तीन दिवस खुरपं घेऊन बसताच येईना, आन चौथ्या दिवशी बसल्यावर उठता येईना. अंघोळीला एक तांब्या पाणी. त्यात गळ्यातल्या लिंगाची पूजा आधी, मंग उरलं तर आप्पा. न्याहारीला अंडी उकडलेली, म्हणून हे आपले गूळ-शेंगदाण्यावर. तरी टोपी काढली न्हाई. झोपतानाबी न्हाई.

शहरातली पोरं-पोरी आठ-आठ दिवसांसाठी यायची. पैसे भरून यायची. भुईवर झोपायचं, तीन दगडांवर भात शिजवायचा, धुरानं डोळे चोळायचे आन म्हणायचं, वा, काय जगणं हाय. आमचं अख्खं गाव त्याच वक्ताला साखर कारखान्याच्या माळावर उसाच्या पाचटाच्या कोपीत, म्हंजे खोपटात, असंच झोपत होतं. तिथं वा म्हणायला कुणी गेलतं, असं ऐकण्यात न्हाई.

फागुनात मोरांची गणना निघाली. तीन दिवस मचाणावर बसायचं आन पाण्यावर येणारा मोर वहीत मांडायचा. साहेबांनी सांगितलं, "जो येईल तो लिहायचा. एकही सुटता कामा नये." एवढं सांगून साहेब दिल्लीला फोन लावायला आष्टीला गेले. पोरांपैकी दोघं पहिल्याच दुपारी उन्हानं आडवे झाले, तिसऱ्याचं पोट बिघडलं आन तो खुरप्यासकट झाडीतच राहायला गेला. मचाणावर उरले एकटे आप्पा.

आता आप्पांची मोजायची रीत दुकानातली. एकच बाई सकाळी साखर न्यायला आली, दुपारी काडीपेटी आन सांजच्याला गोडंतेल, तर आप्पांच्या हिशेबी ती तीन गिऱ्हाइकं. मोर उतरला, एक रेघ. ससा पळाला म्हणून बुजून झाडीत गेला आन माघारी आला, आणखी एक रेघ. उद्या पुन्हा आला, तरी रेघ. मापात आप्पांनी कधी मारलं असंल, पण बेरजेत कधीच न्हाई. तिसऱ्या दिवशी बेरीज झाली तीनशे बेचाळीस.

साहेबांनी आकडा वाचला आन खाली बसले. मंग उठून त्यांनी आप्पांना मिठी मारली. पेपरात टोपीसकट फोटो आला. अहवाल दिल्लीला गेला, तिथून परदेशात गेला, आन परदेशातनं दीड महिन्याच्या आत काटेरी तार आली. तार ठोकायची परवानगी कुठनं आणली ते त्यांचं त्यांना ठाऊक. झऱ्याच्या भवती लोखंडी खांब, एक फाटक आन पाटी: वन्यजीवांसाठी राखीव. किल्ली आप्पांच्या करदोट्याला.

पाडव्याच्या म्होरं गाव माघारी आलं. बैलांच्या खांद्याची सालटी गेलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. दगडाबाईनं घराचं दारबी उघडलं न्हाई. एकटी बाई, नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, दोन बैलांच्या जिवावर तिची गाडी चालायची. ती तशीच बैल घेऊन उमरझऱ्यावर आली. मागनं आमी सगळे.

"आप्पा, कुलूप काडा," ती म्हणाली.

आप्पांनी तिला समजावून सांगितलं की हे पाणी आता मोरांचं हाय, आन मोर तीनशे बेचाळीस हायेत. मोर म्हणताना ते जरा पुण्याचं बोलत होते.

दगडाबाईनं डोंगराकडं बघितलं. "मी नांदाया आले तवापस्नं हितं चाळीसाच्या वर मोर न्हाईत. बाकीचे कुठनं आले? कारखान्यावरनं आमच्यासंगं?"

आप्पांनी वही दाखवली. तिला वाचता येत न्हाई, म्हणून रेघा कशा मांडल्या ते अभिमानानं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"माज्या शेळ्या सकाळी पाण्यावर येत्यात, दुपारी येत्यात आन दिवस बुडायला येत्यात. हायेत किती शेळ्या?"

"धा."

"तीन दिस बसा मचाणावर. वहीत किती व्हतील?"

आप्पांचे ओठ हलले. हिशेबाला ते पहिल्यापासून तेज. "नव्वद," ते म्हणाले, आन वही मिटली.

"मंग वरच्या ऐंशी शेळ्या आधी माज्या दावणीला आणून बांधा. मंग लावा कुलूप."

लोक हसले, पण बैल तारेला नाक लावून उभे होते, त्यामुळं हसू टिकलं न्हाई. बंकट म्हणून एक गाडीवान हाय, तो आप्पांना ऐकू जाईल असं बोलला, "चला रं, पाटोद्यात नवं दुकान निघालंय. माल लई सस्ता हाय म्हणं."

आप्पा तंबूत गेले. साहेब बिनदुधाचा चहा पीत होते. आप्पांनी सांगितलं, साहेब, चुकलं, एकेक मोर नऊ-नऊदा मांडला, मोर अडतीसच हायेत. साहेब चिडले न्हाईत. चिडले असते तर बरं झालं असतं.

"आप्पा, तीनशे बेचाळीस छापून गेले. आता अडतीस लिहायचे, तर तीनशे चार मोर कुठं गेले तेही लिहावं लागेल. मी लिहीन, गाव परत आलं, जनावरं घुसली, मोर गेले. मग तार डोंगरभर लागेल."

आप्पा बाहेर येऊन दगडावर बसले. खरं बोलावं तर पाणी कायमचं जातं. गप बसावं तर आज जातं, आन त्याच्यासंगं दुकानबी. असा पेच त्यांना तागडी धरल्यापासून पडला नव्हता. घाम पुसायला त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मंग उठले आन फाटक उघडलं.

बैल पाण्यात शिरले. साहेब कपासकट पळत आले. तोवर आप्पा कुंडाच्या काठावर वही मांडीवर घेऊन बसले होते.

"हे काय करताय?"

"गणना," आप्पा म्हणाले. "जनावरं आल्यावर मोर वाढतात का कमी व्हतात, ते बघाया पायजे न्हाई का?"

तीन दिवस आप्पा उठले न्हाईत. बैल, शेळ्या, म्हशी, सगळं गाव पाणी पिऊन गेलं. मोर बुजून झाडीत जायचे आन जनावरं हलली की माघारी यायचे, म्हंजे रेघा आणखीनच वाढल्या. बेरीज भरली तीनशे एक्याण्णव.

"वाढले साहेब," आप्पांनी कळवलं. "शेणातले किडे टिपाया येतात."

साहेबांनी वहीकडं बघितलं, मंग आप्पांकडं. माणूस तोच, वही तीच, मोजायची रीत तीच. ही बेरीज खोटी म्हणावी तर पहिलीबी खोटी, आन पहिलीवर साहेबांची सही. मंग त्यांनी खिशातलं पेन काढलं.

त्या वर्षीच्या अहवालात मोर लोकसहभागातनं वाढले. साहेब ते सांगायला इमानानं परदेशात जाऊन आले. तार लोकांनी हळूहळू काढून आपापल्या मळ्याला लावली. संस्थेनं त्याचंबी लोकसहभाग असंच लिहिलं. आप्पा दर फागुनात कुंडावर बसायचे. नव्व्याण्णव सालात त्यांच्या वहीत सहाशे अकरा मोर होते आन दिल्लीहून एक गोरी बाई खास ते बघायला आलती. तिला झाडीत चार दिसले. बाकीचे ऊन कमी झालं की येतात, असं आप्पांनी साहेबांकडून इंग्रजीत सांगवलं.

तेवढ्यात दगडाबाई बैल घेऊन उतरली. गोरी बाई, साहेब आन आप्पा पाण्याच्या तोंडालाच उभे.

"वाईच सरका," ती म्हणाली.

तिघंबी सरकले.