मागच्या फळक्यावरची तीन बोटं

पेंटर अप्पा गाडी रंगवायला मागून सुरुवात करायचे. आमच्या आवारात लॉरी उभी राहिली की बाकीचे लोक आधी तिच्या तोंडाशी जायचे, दिव्यांवरून हात फिरवायचे, भोंगा वाजवून बघायचे. अप्पा तिच्या तोंडाकडे ढुंकूनही पाहायचे नाहीत. सरळ मागे जाऊन फळक्यासमोर उकिडवे बसायचे आणि त्या कोऱ्या लाकडाकडे बघत राहायचे. आमचे हे वैतागायचे. "अप्पा, नाव पुढं पायजे, मागं कोण बघतं?" अप्पा मान न वळवता म्हणायचे, "मालक, येणाऱ्या गाडीला माणूस बाजूला होतं, वाचत न्हाई. गेलेल्या गाडीकडं बघत उभं राहतं."

हिंगोलीत आमचा तेलाचा घाणा होता. बैल जाऊन इंजिन आलं आणि इंजिनामागोमाग लॉरी आली. करडईच्या तेलाचे डबे भरून ती कळमनुरीला जायची, सेनगावला जायची, वारंगा फाट्याला जायची आणि कन्हेरगावचा नाका ओलांडून वाशिमच्या बाजारालाही जायची. नाक्याच्या अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजांचं. तेल मात्र दोन्हीकडे तेच खायचे.

अप्पा यायच्या आधी ह्यांनी मोठी हौस केली होती. गाडीसाठी हैदराबादहून पत्र्याची पाटी बनवून आणली. निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं, कडेने वेलबुट्टी, दृष्ट लागेल अशी. ती साखळीनं गाडीला लटकवली. वारंगा फाट्याच्या अलीकडच्या खड्ड्यात ती कुठंतरी पडली. दोन महिन्यांनी आमच्या गफूर ड्रायव्हरला ती दिसली, एका शेतकऱ्याच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून. "जाहिरात तो होराई ना," तो म्हणाला, "मुर्गियाँ पढ रईं." मी हसून हसून बेजार झाले. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग कुणीतरी सांगितलं की गावातच एक माणूस आहे, थेट लाकडावर रंगवतो, पडायचा प्रश्नच नाही. तेच पेंटर अप्पा.

अप्पा धनगराच्या घरचे. मूळ गाव पुसेगावकडचं. लहानपणी त्यांचं काम एकच, मेंढरांना गेरूची खूण घालायची. प्रत्येक घराची खूण वेगळी असायची. कुणाचं वर्तुळ, कुणाची फुली, अप्पांच्या घरची तीन बोटं. गेरूत तीन बोटं बुडवायची आणि मेंढराच्या पुठ्ठ्यावर वरून खाली ओढायची. ते म्हणायचे, "पेंटर काय मी शाळंत झालो व्हय? मेंढरं हुभी राहत न्हाईत वैनी. पळत्या मेंढरावर सरळ रेघ आली, मग हुभ्या गाडीवर काय अवघड हाय?" ब्रशही ते घरीच बांधायचे, शेळीच्या केसांचे. उर्दू त्यांना येत नव्हती. मशिदीतले एक मौलवी खडूनं अक्षरं आखून द्यायचे आणि अप्पा ती भरायचे. उजव्या बाजूला उर्दू, डाव्या बाजूला मराठी आणि मागच्या फळक्यावर मोठा तेलाचा डबा. त्या डब्याला असा पिवळा चकाकता रंग द्यायचे की माशी बसावी.

मला वैनी म्हणायचे. चहा दिला की कप दोन्ही हातांत धरायचे, कारण हात रंगानं निसरडे असायचे. फार बोलायचे नाहीत. त्यांचा लेक मल्हारी त्यांच्या हाताखाली काम करायचा, सगळं बोलणं तो बोलायचा. उंच, काटकुळा आणि तोंडाचा फाटका. तरणाताठा गडी, लग्नाचं बघून राहिले होते. अप्पांची बायको आधीच गेलेली. घरात बाप आणि लेक दोघंच.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या साली मल्हारीनं बापाच्याच डब्यातला रंग घेतला आणि पोलीस चौकीच्या भिंतीवर निजामाविरुद्ध लिहिलं. अक्षरं एवढी वळणदार की कुणी लिहिलं हे सांगायला साक्षीदार लागला नाही. पोलीस घरी यायच्या आत तो नाका ओलांडून वऱ्हाडात गेला. अप्पांना चौकीवर नेलं, चार दिवस ठेवलं आणि सोडताना बजावलं की हिंगोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. चिठ्ठीचपाटीही बंद, सगळं टपाल फोडून वाचायचे. बाप इकडे अडकला आणि लेक तिकडे, मधे नाक्याचा एक आडवा बांबू.

सुटून आल्यावर अप्पा पहिल्यांदा आले ते दसऱ्याच्या आधी. दर दसऱ्याला आमची गाडी नव्यानं रंगवून पूजेला लावायची रीत होती. त्यांनी नेहमीसारखं सगळं रंगवलं. शेवटी गेरूसारखा तांबडा रंग वाटीत घेतला, तीन बोटं बुडवली आणि फळक्यावरच्या त्या सुंदर डब्यावर वरून खाली ओढली. हे ओरडलेच, "आरं, हे काहून? चांगला डबा नासवला की!" अप्पा म्हणाले, "दृष्ट लागू नये म्हणून." ह्यांना पटलं. मला पटलं नाही. चहा देताना मी सरळच विचारलं. अप्पांनी कप खाली ठेवला.

"मेंढरू दुसऱ्याच्या कळपात गेलं तरी खूण बघून वळखू येतं वैनी. ही गाडी वाशिमला जाते. मल्हारी कुठं बी हुभा असंल, गाडी म्होरून गेली की त्याला कळंल. बाप हाय अजून. घर हाय."

मी ह्यांना सांगितलं. हे दाढी खाजवत म्हणाले, "राहू दे." दुसरी लॉरी घेतली तेव्हा त्यांनी स्वतःच अप्पांना आठवण केली, "तीन बोटं राहिली."

तेव्हापासून अप्पांना एक सवय पडली. गाडी वाशिमहून परतायच्या वेळी ते आमच्या फाटकाशी येऊन उभे राहायचे. गफूरभाई गाडी हळू करायचा. अप्पा विचारायचे, "मागून कोणी बघत होतं का?"

"नै अप्पा. बच्चे देखे."

"बरं."

एवढंच. वर्षानुवर्षं एवढंच. पहिली एक-दोन वर्षं मला ते ऐकवत नसे, मी आत निघून जायची. पुढे मला काही वाटेनासं झालं. सांजेला दिवा लावतो तसं ते होतं. खोटं काय सांगू, अप्पांनाही काही वाटत होतं की नाही, ते त्यांच्या तोंडावर दिसायचं नाही.

लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा लॉरी कोळशाच्या गॅसवर चालवायला तिच्या पाठीला पत्र्याची टाकी बसवली. त्याचा धूर आणि काजळी सगळी फळक्यावर. वाशिमला जाऊन आलेली गाडी मागून तव्यासारखी दिसायची. अप्पा सकाळी चिंधी आणि घासलेट घेऊन यायचे आणि फळका पुसायचे. अक्षरं काळी राहिली तर राहिली, तीन बोटं मात्र लख्ख. बाजारातले लोक ह्यांना म्हणायचे, "पेंटर असावा तर असा, जाहिरातीची केवढी काळजी!" आणि झालं असं की, नाव काळं, अक्षरं काळी, उघडी दिसायची ती फक्त तीन बोटं. त्यामुळे सेनगावपासून वाशिमपर्यंत बाया दुकानात जाऊन म्हणू लागल्या, "तीन बोटांचं तेल द्या." आम्हाला लक्ष्मी आली ती अशी. बापानं लेकाला मारलेली हाक होती ती, आणि आमचा धंदा तिच्यावर चालला.

निजामाच्या शेवटच्या वर्षी दिवस वाईट आले. जो तो संशयानं बघू लागला. नाक्यावर शिपायांनी गाडी अडवली, "ये निशानी किसकी है?" निजामाशी लढायला वऱ्हाडात जाऊन बसलेल्या पोरांना हा काही इशारा असेल असं त्यांना वाटलं. गफूरभाई घरी आला तो घामानं भिजलेला. ह्यांनी काय केलं, रात उलटायच्या आत घाण्यावरच्या एकूण एक डब्याला तीन बोटं ओढून घेतली. मी ओढली, घाण्यावरच्या बायांनी ओढली. दुसऱ्या खेपेला गफूरभाईनं शिपायासमोर डबाच धरला. "साब, तेल की निशानी है. सूंघ के देखो." शिपायानं वास घेतला आणि जाऊ दिलं. अप्पांनी त्या दिवशी ह्यांच्या पायाला हात लावला. ह्यांना ते सोसलं नाही, ते उठून आत गेले.

मग निजामाचं राज्य गेलं आणि नाका उघडला. वऱ्हाडात राहिलेली पोरं घरी येऊ लागली. कुणाला हार घातले, कुणाला पेढे वाटले. अप्पांनी घर सारवलं. दाढी करून आले होते, मी ओळखलंच नाही. दसरा तोंडावर होता आणि आम्ही नवी लॉरी घेतली होती. अप्पा तिच्या फळक्यावर डबा काढत बसले होते तेव्हा एक दाढी वाढलेला माणूस फाटकातून आत आला. सेनगावकडचा होता. म्हणाला, "तीन बोटांची गाडी इथलीच ना? ती खूण कुणाची हाय?"

अप्पा उठून उभे राहिले. "माझी."

त्या माणसानं खाली बघितलं. "मल्हारी माझ्यासंग होता. आमी राहायचो त्या खोलीत कोळशानं भिंतीवर तीन बोटं ओढायचा. म्हणायचा, ही दिसली की समज आमचं घर. पहिल्याच साली पटकीनं गेला, अप्पा. मी गाडी बघितली ती लई वर्सांनी. सांगायला येता येईना, मधी नाका."

अप्पांनी एकच विचारलं. "त्यानं बघितली व्हती का गाडी?"

"न्हाई."

"बरं," अप्पा म्हणाले. त्याच आवाजात, फाटकाशी म्हणायचे तसंच. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वैनी, पाव्हण्याला चहा द्या. लांबून आलं लेकरू." आणि परत खाली बसून डब्याचा राहिलेला पिवळा रंग भरू लागले. मी चहा ठेवला, उतू गेला, पुन्हा ठेवला. मला रडू यायला पाहिजे होतं. आलं नाही. आजही येत नाही, त्या जागेवर काहीच नाही, बधिर झालेल्या पायासारखं.

दिवस कलला तेव्हा सगळं पुरं झालं होतं. फक्त डब्यावर तीन बोटं ओढायची राहिली होती. हे तोंड वळवून उभे होते. मीच म्हणाले, "अप्पा, आज बोटं नकोत. नका ओढू."

"काहून? मग लोक तेल कसं वळखतील?"

त्यांनी वाटीत तीन बोटं बुडवली आणि ओढली, वरून खाली, सरळ. मग उठले.

"आजवर ही माझ्या घरची होती. आता तुमची, वैनी. माझ्या कळपात कोणी राहिलं न्हाई, मी खूण कुणाला घालू?"

घासलेटात चिंधी भिजवून त्यांनी बोटं पुसली, नखांतला रंगही काडीनं काढला. ब्रश तिथंच ठेवून गेले. दुसऱ्या दिवशी पुसेगावला भावाच्या मेंढरांत निघून गेले आणि दोन हिवाळ्यांनी तिकडेच वारले, असं उशिरा कळलं.

दसऱ्याला नवी गाडी हार घालून वाशिमला गेली. सांजेला परत आली तेव्हा मी दारात होते. गफूरभाईनं फाटकाशी गाडी हळू केली, मान बाहेर काढली आणि सवयीनं म्हणाला, "नै अप्पा, बच्चे देखे."

फाटकाशी कोणी नव्हतं.