शंकरपाळ्यांचं देऊळ आणि मामांचे गिअर

नांदेडहून निघालो तेव्हा मागच्या सीटवर मामी होत्या आणि त्यांच्या मांडीवर शंकरपाळ्यांचं देऊळ. एकुलत्या एका लेकीच्या, वैशालीच्या रुखवतासाठी त्यांनी ते गुळाच्या पाकात जोडून उभं केलं होतं. लग्न जळकोटला, मुलाकडं. नवरी वऱ्हाडाबरोबर आदल्या दिवशीच गेली होती.

"कळस मोडला तर इहिणीपुढं मान खाली जाईल माझी," मामींनी मला बजावलं.

शेजारी मामा. किराणा दुकान सांभाळून जन्मभर जीप हाकलेले. माझी ऑटोमॅटिक गाडी त्यांना पटेना.

"क्लच न्हाई? मग डाव्या पायानं काय करायचं?"

"आराम."

"लई आळशी करून राहिलेत माणसाला!"

कंधारपर्यंत त्यांचा डावा पाय खालची चटई दाबत होता. तिथं चहा-भजी घेतली. मामी देवळापासून हलेनात, म्हणून त्यांना खिडकीतूनच भजी भरवली. गाडीला क्लच नसल्याचं मामांनी चहावाल्यालाही सांगितलं. तो वाकून बघत म्हणाला, "चोरीला गेला का?"

पुढं मामांच्या कुरकुरीला वैतागून मी लिव्हर बाजूला सरकवला आणि मॅन्युअल मोड दाखवला. पुढं ढकलला की गिअर वाढतो, मागं ओढला की उतरतो. इथंच मी फसलो. स्टिअरिंग माझ्याकडं, गिअर मामांकडं, असा संसार सुरू झाला. चढावर त्यांनी उत्साहानं गिअर वाढवला; गाडी कण्हली, देऊळ थरथरलं आणि मामींनी आम्हा दोघांचा उद्धार केला.

जांबच्या पुढं उतार लागला. वळणापलीकडं रस्ताभर म्हशी. मी ब्रेक दाबताच कळस पुढं झुकला.

"ब्रेक नगं रे!" मामी किंचाळल्या.

मामांनी लिव्हर मागं ओढला, पुन्हा ओढला. खालच्या गिअरात इंजिन घुमलं, ब्रेकशिवायच गाडी सावकाश रेंगाळली आणि म्हशी आमच्याकडं न बघता निघून गेल्या. मामींनी कळसावरचा हात काढला. कळस शाबूत होता.

जळकोटला देऊळ सगळ्यांत पुढं मांडलं. विहीणबाई कौतुक करत होत्या आणि मामा भेटेल त्याला सांगत होते, "गिअर म्या टाकले!"

वैशालीचा निरोप घेऊन परत निघालो, तेव्हा ऊन कललं होतं. मामींची मांडी रिकामी होती. रस्ता सपाट, मोकळा. तरी मामांनी लिव्हर सरकवून मागं ओढला. गाडी मंदावली.

"मामा, इथं उतार कुठंय?"

"न्हाई." ते मान वळवून मांडवाकडं बघत होते. "उगं. जरा हळू चल."

मांडव दिसेनासा होईपर्यंत मी तो गिअर तसाच राहू दिला.