परतीच्या ओझ्याची स्प्रिंग

"नाही म्हणायला जीभ झडते का तुमची, एजे?"

"झडत नाही. वळत नाही एवढंच."

"मग गाडीची पाठ मोडणारच. माझं काय जातंय?"

"तुझं काही जात नसेल तर ओरडतोस कशाला?"

जापार ओरडत नव्हता. पण कोचकोर गावच्या बाजारामागचं त्याचं गॅरेज सगळं पत्र्याचं, तिथे शिंक आली तरी भांडण चाललंय असं वाटायचं. बोलता बोलता तो उलकानच्या मोटारसायकलचे दोन्ही बाजूचे डबे रिकामे करत होता आणि एकेक वस्तू पुरावा मांडावा तशी बाकड्यावर ठेवत होता. वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची थैली. मेंढीच्या पोटाच्या पिशवीत भरून शिवलेलं लोणी. फडक्यात बांधलेला अर्धा बोकड. घडी घातलेला, दाबलेल्या लोकरीचा नक्षीचा नमदा. आणि या सगळ्यांच्या खाली अंग चोरून बसलेली लशींची पेटी, जिच्यासाठी म्हणे ही बाई डोंगरावर जात होती.

उलकान तालुक्याची गुरांची डॉक्टर, जापारसारख्या धाकट्यांची एजे, म्हणजे थोरली ताई. पन्नाशी कधीच मागे पडलेली, आवाज मात्र अजून अख्खा कळप थांबवील असा. पूर्वी घोड्यावरून फिरायची. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा एका पोलिश प्रवाशाने खिंडीला कंटाळून विकलेली ही उंच, रानावनात चालणारी गाडी तिने घेतली, आणि सोन-कोल तळ्याभोवतीच्या कुरणांवरच्या मेंढपाळांना इंजिनाच्या आवाजावरूनच कळू लागलं की डॉक्टर आली, चहा ठेवा.

आता त्या गाडीचा मागचा शॉकअप तेल गाळत होता. वरून खालपर्यंत ओला, माहेर सोडताना रडणाऱ्या नवरीसारखा. आणि पुढचं तर जापारला बघवेना. धूळ लागू नये म्हणून उलकानने चाक धरणाऱ्या फोर्कच्या नळ्यांना नमद्याच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या, लाल धाग्याने शिवून. वरच्या कुरणातल्या बातमा आजीची भेट होती ती. डोंगरावर तंबूपासून चहाच्या किटलीपर्यंत सगळं नमद्यात गुंडाळतात, मग गाडीने काय पाप केलं, असा आजीचा विचार. जापारने एक पट्टी उसवली, आतली बाजू तिच्या अंगठ्यावर घासली आणि कसं वाटतं ते विचारलं. तिने हात मागे घेतला. ओढ्याची रेती त्या लोकरीत अशी मुरली होती की तो नमदा राहिला नव्हता, पॉलिशपेपर झाला होता. नळ्यांवर उभे ओरखडे पडले होते, तेल अडवणाऱ्या सील कापल्या गेल्या होत्या.

"घोड्याला ऊब लागते, एजे. लोखंडाला नाही."

"आजीने डोळे फोडून शिवलंय ते."

"म्हणून तर एवढं घट्ट बसलंय."

वस्तू नाकारायच्या कशा, हे उलकानला खरंच ठाऊक नव्हतं. शिकायची वेळच आली नव्हती. सामुदायिक शेतं मोडली, पगार यायचे थांबले, नवरा कामाला म्हणून रशियात गेला तो गेलाच, तेव्हा ती पंचविशीची होती आणि मुलगी मेरिम अंगावर पीत होती. त्या हिवाळ्यांत तिला सरकारने नाही, डोंगराने पोसलं. अडलेली मेंढी सोडवली की लोण्याचा गोळा, खूर कापले की दह्याच्या गोळ्या. कोणी हातात देताना उपकार दाखवला नाही. परत निघताना पाहुण्याचं खोगीर रिकामं राहिलं तर घराला लाज, म्हणून बांधून द्यायचे. मेरिमचे दात त्या गोळ्या चावून आले. आता तिचा पगार वेळेवर येतो, मेरिम राजधानीत, बिश्केकच्या बँकेत आहे, घरच्या फ्रिजमध्ये जागा नाही. पण समोरून हात पुढे आला की हिचे दोन्ही हात आपोआप वर जायचे. त्या हातांना गेल्या तीस वर्षांची आठवण होती, तिने सांगून ते ऐकणारे नव्हते.

जापारने पाना खाली ठेवला आणि जे सकाळपासून पोटात होतं ते सांगून टाकलं. मेरिमचा फोन आला होता. गाडी आता दुरुस्त होण्यातली नाही असं आईला सांगा, म्हणाली होती. मागच्या फेरीला खिंडीखालच्या वळणावर भरलेली गाडी खड्ड्यात गेली, मागचा शॉकअप पार तळाला टेकला, तिथून उसळला आणि उलकान खडीवर पडली. बरगड्या निळ्या झाल्या. तिने कोणाला सांगितलं नव्हतं, पण व्हिडिओ कॉलवर किटली उचलताना तिचं तोंड वाकडं झालं आणि पोरीने ते टिपलं. ऑफिसात टेबलाशी बसायची जागा द्यायला साहेब तयार होते. गाडी नसली की आई आपोआप खाली राहील, असा पोरीचा हिशेब.

उलकान बराच वेळ लशींच्या पेटीची कडी लावत बसली. वरच्या दोन कुरणांतल्या मेंढ्या अजून राहिल्या होत्या. बर्फ पडायच्या आत कळप उतरणार, एकत्र होणार, आणि मग एकीचा रोग सगळ्यांचा. खरं सांगायचं तर त्या वळणाची भीती तिलाही बसली होती. झोपेतही पाठीखालून काहीतरी निसटल्यासारखं व्हायचं.

"मग," ती म्हणाली, "होत नाही दुरुस्त?"

जापारला बायकोशी खोटं बोलता यायचं, गिऱ्हाइकाशी यायचं. हिच्याशी येईना. त्याची स्वतःची गाय हिच्यामुळे उभी होती.

"होते," तो म्हणाला. "पण माझ्या पद्धतीने."

शॉकअप त्याने बिश्केकला पाठवला. आत नवं तेल, नव्या सील, दाबून भरलेला गॅस. पुढच्या नळ्यांचे ओरखडे बारीक घासून काढले, नव्या सील बसवल्या आणि त्यांवर घड्यांच्या रबरी बाह्या चढवल्या, खाली पाणी निथळायला भोक ठेवून. मागच्या चाकाचा चिखल थेट शॉकअपवर उडायचा, तिथे ट्रकच्या जुन्या ट्यूबचा पडदा टांगला. आणि मग स्प्रिंग. दोन माणसं आणि संसार वाहणाऱ्या जड गाडीची, बोटाएवढ्या तारेची.

मोजमापाला त्याची बायको आनारा टेप धरून गाडीमागे जमिनीवर बसली. आधी रिकामी गाडी, मग उलकान वर, तिच्या मेंढीच्या कातडीच्या कोटासकट. जापारने वजन विचारलं. तुझ्या आईला कधी विचारलं होतंस का, असं तिने विचारलं. आनारा इतकी हसली की टेप सुटला. मग बटाट्याची पोती, बोकडाऐवजी जापारची ऐरण, शेवटी आनारा स्वतः चढली. गाडी जेवढी बसायला हवी तेवढीच बसली आणि तिथेच थांबली.

"ही परतीच्या ओझ्याची स्प्रिंग आहे," जापार म्हणाला. "तुम्ही नाही म्हणणार नाही हे धरून बसवली. पण एक सांगतो. रिकाम्या वर गेलात तर ही दबणारच नाही. शिंगरासारखी उधळेल, दगडादगडावर फेकेल. जातानाही भरून जायचं."

"कशाने भरू?"

"वाळू घाला पोत्यात. मला वजन हवं, चव नको."

डोंगरावर वाळू घेऊन गेले तर डॉक्टरला वेड लागलं का विचारतील, असं म्हणत ती गेली. दुसऱ्या दिवशी डब्यांत सफरचंदं होती, कांदे होते, पीठ, चहा, साखर. शेजारणींनी आपापल्या डोंगरावरच्या माणसांसाठी लोकरी मोजे दिले. लशींची पेटी या खेपेला सगळ्यांत वर, आजीच्या लाल धाग्याच्या पट्ट्यांत गुंडाळलेली.

खिंडीखालचं वळण आलं तेव्हा तिने श्वास धरला. चाक खड्ड्यात गेलं, गाडी खाली बसली, एखादी म्हातारी चटईवर बसते तशी सावकाश, आणि तेवढ्याच सावकाश उठली. पुढे काहीच झालं नाही. तिने गाडी थांबवली, खाली उतरली, उगाच खोगिरावर थोपटलं. या वळणाला तिने एरवी शिव्याच दिल्या असत्या. त्या दिवशी तिने जापारच्या सात पिढ्यांना दुवा दिला.

बातमा आजीच्या तंबूपुढे सफरचंदं बाहेर आली. तीस वर्षं रिकाम्या हातांनी येणारी, भरून जाणारी डॉक्टर. आजीने एक सफरचंद नाकाला लावलं, बराच वेळ तसंच धरलं. खालचा वास येतो, म्हणाली.

"हे का आणलंस?"

"गाडीला वजन लागतं, आजी."

"गाडीला," आजी म्हणाली. "बरं."

जापारने हिशेब लोखंडाचा केला होता, माणसांचा नाही. पाहुण्याने काही आणलं तर त्याच्या दुप्पट बांधून द्यायचं, हे तो विसरला होता. दोन्ही कुरणांतल्या मेंढ्यांना टोचून उलकान खाली उतरली तेव्हा डब्यांची झाकणं दोरीने बांधलेली होती, मागे दोन गुंडाळलेले नमदे, पुढे टाकीवर कुमिसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कॅन.

तिच्या अंगणात मेरिम उभी होती, बिश्केकहून आलेली, शहरी बूट चिखलात. जापारही आला होता, बॅटरी घेऊन. त्याने कोणाशी न बोलता गुडघे टेकले, रबरी पडदा वर केला, शॉकअपवरून बोट फिरवलं, पुढच्या बाह्या सरकवून नळ्या पाहिल्या आणि बोट मेरिमसमोर धरलं. धूळ होती. तेल नव्हतं.

"जापार बाइके," थोरल्या भावाला म्हणतात तसं मेरिम म्हणाली, "मी तुम्हाला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. मी ऐकून घेतलं होतं. हो म्हणालो नव्हतो."

मेरिमने लोण्याची पिशवी उतरवून घेतली. तिचा चेहरा रागाचाच होता, पण वास आल्यावर ती पिशवी खाली न ठेवता छातीशीच धरून उभी राहिली. मग म्हणाली की ऑफिसातली जागा अजून रिकामी आहे. बरगड्या अजून हिरव्या आहेत. एकदा वाचलीस, दरवेळी कोण वाचवणार. ती मोठ्याने बोलत नव्हती, म्हणून ऐकायला जास्त जड जात होतं. उलकानने तिच्या गालाला हात लावला, हात थंड होता, पोरीने तो झटकला नाही.

"आपा," तिने आईला विचारलं, "ही शेवटची फेरी होती ना? माझ्याकडे बघून सांग."

उलकानने तिच्याकडे पाहिलं. मग डब्यातली रिकामी पोती काढली, झटकली, काखेत मारली आणि फाटकातून बाहेर पडली, शेजारणीच्या सफरचंदांच्या बागेकडे.