बहिय्याबाईंनी परत पाठवलेला अहवाल

आज सोहाग शहरात बालवाडीची बाई म्हणून मी चार लोकांत मान वर करून वावरते, ती बहिय्याबाईंच्या कृपेनं. आमच्या कॉलेजात त्या लहान मुलांचं निरीक्षण शिकवायच्या. अंगानं एवढीशी बाई, पण जीभ भारी तिखट.

मी पाठांतरात पहिली. पुस्तक घडाघडा म्हणून दाखवायचे, त्यामुळे डोक्यात हवा गेलेली. तिसऱ्या वर्षी मला एका बालवाडीतल्या नादिर नावाच्या चार वर्षांच्या मुलावर अहवाल लिहायला पाठवलं. तिथल्या मुख्याध्यापिकेला तो नकोच होता. अहवालात त्याच्यात काही खोट निघाली की ती त्याचं नाव कमी करणार होती, हे मला माहीत होतं. तरी मी तीन दिवस बसले आणि ठोकून दिलं, 'हाक मारली तरी बघत नाही. ऐकू कमी येतं. समज मंद.'

बहिय्याबाईंनी वाचलं. "विसाल, बघत नाही हे तू पाहिलंस. ऐकू कमी येतं, हे कुठे पाहिलंस?"

"पुस्तकात आहे ना, बाई. तिसऱ्या प्रकरणात."

"तिसऱ्या प्रकरणात नादिर राहतो का गं?"

वर्ग फिदीफिदी हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पानाच्या मधोमध रेघ ओढ," बाई म्हणाल्या. "एकीकडे दिसलं ते लिही, दुसरीकडे तुला वाटलं ते. आणि परत जा. तू खोटी ठरशील असं काही सापडतं का बघ."

स्वतःला खोटं पाडायला कोण जातं हो? मनातल्या मनात त्यांचा उद्धार करतच गेले. दुसऱ्या दिवशी थाळी पडली, पोरगं दचकलं. बाहेर रसवाल्याची घंटी वाजली, हा खिडकीशी हजर. गोष्टीत तर सगळ्यांच्या आधी हसला. म्हणजे ऐकूही येत होतं आणि कळतही होतं. मग हाकेला ओ का देत नाही, ते काही केल्या कळेना.

दुपारी त्याची आजी न्यायला आली. फाटकातूनच ओरडली, "ए शह्हात, चल घरी." शह्हात म्हणजे भिकारी. नादिर धूम पळत सुटला.

मी कपाळावर हात मारला. पोराला नजर लागू नये म्हणून असलं नाव ठेवतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? माझ्या सख्ख्या मामाला घरात 'कचरा' म्हणायचे. पण ते पुस्तकात नव्हतं ना.

"आजी, तुमचा नादिर..." एवढंच म्हटलं, तर म्हातारीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "मोठ्यानं नको गं पोरी. याच्या आधीचे दोन गेले. त्यांना खऱ्या नावानं हाका मारायचो आम्ही."

नवा अहवाल लिहिला. जुना फाडायला निघाले, तर बाईंनी हात धरला. "दोन्ही एकत्र टाच. चूक कशी झाली तेही दिसू दे." मुख्याध्यापिकेनं दोन्ही वाचले, आणि नादिरची जागा राहिली. मी देवाचे आभार मानले, कारण माझ्या एका ओळीनं पोर घरी बसलं असतं.

आजीला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "तुला परत पाठवलं कुणी?" मी बाईंचं नाव सांगितलं. तिनं दोन्ही हात वर केले. "त्या माउलीला आपल्या लेकरांचं भलं झालेलं बघायला मिळो."

बाईंना मूलबाळ नव्हतं. निरोप सांगताना माझी जीभ अडखळली, पण ऐकलं ते जसंच्या तसं सांगायचं, हे त्यांनीच शिकवलेलं. सांगून टाकलं.

बाई म्हणाल्या, "बघतेच आहे की. समोर तर उभी आहेस."